भुशाच्या गोणीवरचं कार्ड: एका सामायिक सुतारखोलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका इमारतीत तळमजल्याला एक स्टोअर रूम रिकामी पडून होती, ती तिघांनी मिळून लाकूडकामासाठी वापरायला घेतली. नावं आणि ओळख पटेल अशा खुणा मुद्दाम काढल्यात, बाकी जसं घडलं तसं लिहितोय.

तिघांपैकी पहिले काका. रिटायर झालेले, रंधा-पटाशी-करवतवाले, मशीन सुरू झालं की खोलीबाहेर जाऊन उभे राहणारे. दुसरा दादा, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी येणारा, त्याच्याकडे छोटं टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल फिरती करवत), राउटर (खाचा आणि कडा कोरणारं मशीन) आणि ऑर्बिटल सँडर (घासून गुळगुळीत करणारं मशीन), आणि त्याचं बहुतेक काम प्लाय आणि एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), शेल्फ, टीव्ही युनिट, ड्रॉवर असलं. तिसऱ्या वहिनी, त्या मुलांची खेळणी, झाकणाचे डबे, फोटोफ्रेम असं बारीक काम करायच्या आणि फिनिशिंगमध्ये त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. मी त्या इमारतीत राहत नाही, पण काकांशी जुनी ओळख आणि मलाही हाच नाद, त्यामुळे प्रकरण तापल्यावर ज्या बैठका झाल्या त्या सगळ्यांना मी होतो.

या तिघांची एक पद्धत मला फार आवडायची. महिन्यातून एकदा झालेल्या वस्तू खोलीबाहेर टेबलावर मांडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याने हातात घेऊन बघायच्या, आणि कोणाला तीच वस्तू करायची असेल तर मापं आणि कटलिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांची यादी, द्यायची, काहीही हातचं न राखता. प्रत्येक वस्तूसोबत वहिनी एक पोस्टकार्डाएवढं कार्ड ठेवायच्या: लाकूड कोणतं, ग्लू कोणता, फिनिश कोणतं, आणि करताना कुठे अडलं. हे शेवटचं सगळ्यात कामाचं, कारण तयार वस्तू बघून कुठे फळी फाटली नि कुठे जॉइंट दोनदा करावा लागला ते कळत नाही.

वाटून घ्यायची ही सवय मग कचऱ्यापर्यंत गेली. भुशाच्या गोण्या, कपच्या, उरलेले तुकडे दाराबाहेर ठेवायचे आणि ज्याला हवं त्याने घेऊन जायचं. कोणी काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही.

कचरा किती आणि कसला

लाकूडकाम सुरू केलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो कचऱ्याच्या आकाराचा. टेबल सॉचं साधारण ब्लेड ३ मिमी रुंद खाच पाडतं. १८ मिमी जाडीची आठ बाय चारची शीट, म्हणजे २४४० मिमी लांबीची, तिला लांबीत एक काप घेतला तर सव्वाशे-दीडशे मिलिलिटर घन लाकूड नुसतं भुसा होऊन जातं. दहा काप घेतले की सव्वा लिटरच्या वर, आणि मोकळा भुसा त्याच्या तिप्पट-चौपट जागा खातो. हा फक्त कापण्याचा हिशोब झाला. काका २५ मिमीची कच्ची फळी रंध्याने साफ करून २० मिमीवर आणायचे, म्हणजे विकत आणलेल्या लाकडाचा पाचवा हिस्सा किस होऊन जमिनीवर. मोठ्या कामाच्या दिवशी गोणी भरणं ही काही विशेष गोष्ट नव्हती.

पण प्रमाणापेक्षा मोठी भानगड होती प्रकाराची. लांबून बघणाऱ्याला सगळा भुसा एकच दिसतो. प्रत्यक्षात त्या गोणीत काकांच्या रंध्याचा स्वच्छ सागवानी किस, दादाच्या सॉखालची एमडीएफची मैद्यासारखी बारीक पावडर, सँडरच्या पिशवीतली धूळ ज्यात लाकडापेक्षा जुनं पॉलिशच जास्त, आणि वर वहिनींची तेल पुसलेली फडकी, असं सगळं एकत्र असायचं. झाडू मारला की सगळं एका सुपात आणि सूप एका गोणीत. खोलीत व्हॅक्यूम होता तो दादाचा, आणि त्याचीही पिशवी एकच, कोणाचंही काम असो.

अडचण कशी वर आली

पहिली तक्रार गच्चीवरून आली. वर कुंड्यांमध्ये भाज्या लावणाऱ्या एक ताई गोण्या नेमाने न्यायच्या आणि भुसा मातीत चांगला मिसळून द्यायच्या, माती भुसभुशीत होते म्हणून. काही आठवड्यांनी पानं पिवळी पडायला लागली, आधी खालची आणि मग वरची, वाढ थांबली.

"काका, तुमच्या भुशाने माझी झाडं गेली."

"अगं लाकूडच आहे ते, झाडाला झाडाचं काय वावडं असणार?"

काकांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, म्हणूनच इथे थोडं थांबतो. लाकडाच्या भुशात कार्बन भरमसाठ आणि नायट्रोजन जवळपास नाहीच, प्रमाण साधारण ४०० ला १ किंवा त्याहूनही जास्त, तर कंपोस्ट नीट व्हायला ते २५ ते ३० ला १ असावं लागतं. मातीतले जिवाणू-बुरशी तो भुसा खायला बसले की त्यांना स्वतःच्या वाढीसाठी नायट्रोजन लागतो, तो भुशात नसतो, मग ते मातीतला उचलतात आणि झाड उपाशी राहतं. म्हणजे विष वगैरे काही नाही, निव्वळ उपासमार. भुसा जितका बारीक तितकं हे जोरात होतं, आणि मातीत मिसळला तर वरून पसरण्यापेक्षा कितीतरी जास्त. हे झालं साध्या लाकडाचं. त्यात एमडीएफ होतं हे ताईंना माहीतच नव्हतं, एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू आणि बहुतेक वेळा ते चिकटवणारं युरिया-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन, आणि ज्या कुंडीतली भाजी खायची तिच्यात ते घालायचं काही कारण नाही. ताईंचा खरा राग त्यावर होता आणि माझ्या मते तो योग्य होता.

दुसरी गोष्ट थोडक्यात. कोणीतरी बाहेरचे तुकडे शेकोटीला नेले, त्यात सनमायका लावलेला प्लाय आणि कडेला पीव्हीसीची पट्टी मारलेले तुकडे होते, धूर वरच्या खिडक्यांमध्ये गेला आणि भांडण झालं. कोणी नेले ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसरी गोष्ट मात्र थोडक्यात सांगण्यासारखी नाही. कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी एका सकाळी गोणी उचलली आणि परत खाली ठेवली. "ही गरम लागतेय," म्हणाल्या. काकांना वाटलं उन्हात होती, पण ती जागा सावलीची. गोणी मोकळ्यावर नेऊन उलटी केली तर मध्यभागी वहिनींच्या फडक्यांचा बोळा, तपकिरी पडलेला, कडेने काळपट, उग्र वास सुटलेला, आणि भोवतीचा भुसा करपल्यासारखा. आदल्या संध्याकाळी वहिनींनी एका स्टुलाला जवसाचं तेल लावलं होतं आणि पुसून झाल्यावर फडकी गोळा करून भुशाच्या गोणीत टाकली होती. ठिणगी नाही, सिगरेट नाही, वायर नाही.

जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि ही प्रक्रिया उष्णता सोडते. स्टुलावर पातळ थर असतो, उष्णता हवेत निघून जाते, पत्ता लागत नाही. फडक्याच्या बोळ्यात मात्र तेल हजारो धाग्यांवर पसरलेलं, हवा भरपूर मिळते पण उष्णता बाहेर पडायला वाट नाही, तापमान वाढतं, वाढल्याने प्रक्रिया आणखी जोरात होते, आणि शेवटी कापड आपोआप पेटतं. त्यात भोवती भुशाचं अस्तर, म्हणजे उष्णता धरून ठेवायची सोयच केलेली. हे पुस्तकी नाही. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला २३ फेब्रुवारी १९९१ ला लागलेली आग लाकडी पॅनेलिंगच्या पॉलिशकामानंतर राहिलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्यांमुळे लागली होती, त्यात आग विझवणारे तीन जवान गेले, आणि ती आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, जिथे स्प्रिंकलर होते. टंग ऑइल, डॅनिश ऑइल, तेलाचा वॉर्निश, सगळ्यांची हीच जात. मिनरल ऑइल वाळतच नाही म्हणून ते या यादीत येत नाही, आणि लाखेचं पॉलिश स्पिरिट उडून वाळतं, ते ज्वालाग्राही आहे पण बोळ्यात स्वतःहून असं तापत बसत नाही.

त्या दिवसानंतर इमारतीतल्या लोकांनी खोली बंद करायची मागणी केली. खरं सांगायचं तर ती मागणी अवाजवी नव्हती.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय खोलीच बंद. काका यावर गप्प बसले, वहिनी म्हणाल्या ठीक आहे, दादा म्हणाला मग मी घरात बाल्कनीत करीन. आणि तेच सगळ्यात वाईट झालं असतं, कारण तीच धूळ आणि तीच फडकी तीन वेगवेगळ्या घरांत गेली असती, जिथे बघायला कोणी नाही.

दुसरा, सगळं एकत्र बांधून रोजच्या कचऱ्यात द्यायचं, वाटावाटी बंद. दिसायला स्वच्छ उपाय. पण गरम गोणी मावशींच्या हातात आली होती, पुढच्या वेळी ती कचऱ्याच्या गाडीत गरम झाली असती. आपल्या दारातून गेलं की संपलं असं मानायचं असेल तरच हा उपाय.

तिसरा, जाळून टाकणं, यावर चर्चा फार झाली नाही. साधं कोरडं लाकूड जळणात वापरणं वेगळं आणि प्लाय, एमडीएफ, रंगवलेली किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेली लाकडं जाळणं वेगळं. क्रोमियम-कॉपर-आर्सेनिकने प्रक्रिया केलेलं लाकूड जाळलं तर आर्सेनिक राखेत आणि धुरात येतं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीनंतर घरगुती वापरासाठी ही प्रक्रिया बहुतेक ठिकाणी थांबली, पण जुनं लाकूड अजून फिरतंच असतं.

चौथा, भुशाच्या ब्रिकेट, म्हणजे जळणासाठी दाबून केलेल्या विटा, करणाऱ्याला द्यायचं. दादाने चौकशी केली. त्यांना माल कोरडा हवा, प्लाय-एमडीएफ नको, आणि प्रमाण बरंच जास्त हवं. तीन हौशी माणसांच्या भुशासाठी कोणी गाडी पाठवत नाही.

पाचवा, वेगवेगळं ठेवायचं आणि कुठला प्रकार कुठे जाईल ते आधी ठरवायचं. हा सगळ्यांना पटत होता पण कोणालाच करायचा नव्हता, कारण यात रोजचं काम आहे.

निर्णय कुठे अडला

वेगळं करायचं ठरलं पण कशावरून वेगळं, इथे गाडी अडली. काकांना लाकडाच्या जातीवरून करायचं होतं, सागवान वेगळं, शिसम वेगळं, आंबा वेगळा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, सागवान आणि शिसम या दोन्हींच्या धुळीने काही लोकांच्या त्वचेला खाज-पुरळ येतं, वहिनींना सागवानाने मनगटावर येतच होतं, आणि काळ्या अक्रोडाचा भुसा तर घोड्यांच्या पागेत अंथरला तर घोड्यांचे खूर बिघडतात, इतका फरक जातीने पडतो. दादाचं म्हणणं दोनच डबे ठेवा, चांगलं आणि वाईट, नाहीतर कोणी पाळणार नाही.

दोघांना मान्य झाला तो प्रश्न वहिनींनी विचारला: हे लाकूड झाडातून सरळ आलंय का कारखान्यातून? म्हणजे ग्लू, रेझिन, रंग, औषध यातलं काही त्यात आहे का. हा प्रश्न काम करतानाच सुटतो, कारण फळी मशीनवर ठेवणाऱ्याला ती काय आहे ते माहीत असतं. जमिनीवर पडल्यावर ते कोणालाच सांगता येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली हीच होती, वर्गवारी कचऱ्याच्या डब्यापाशी करायची नसते, ती मशीनच्या तोंडाशी करायची असते.

मग दादाच्या व्हॅक्यूमचा विषय. आधी ठरलं की बोर्डाचं, म्हणजे प्लाय-एमडीएफचं, काम एका दिवशी आणि अस्सल लाकडाचं दुसऱ्या दिवशी. हे टिकलं नाही, टिकणारही नव्हतं, तिघांच्या सुट्ट्या जुळत नाहीत. मग व्हॅक्यूमच्या आधी झाकणाची बादली बसवली, सायक्लोनवाली, म्हणजे हवा आत गोल फिरते, जड भुसा बादलीत पडतो आणि फक्त बारीक धूळ फिल्टरपर्यंत जाते. अशा दोन बादल्या केल्या, एकीवर "लाकूड" आणि एकीवर "बोर्ड", झाकण-पाईप तेच. बादली बदलायला वेळ लागत नाही, म्हणून लोक बदलतात.

फिल्टरमधली बारीक धूळ मात्र कायम "बोर्ड" समजूनच टाकायची ठरलं, लाकडाचं काम असलं तरी. ती कोणालाच द्यायची नाही. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली, मुख्यतः नाकाच्या कर्करोगामुळे, आणि फॉर्मल्डिहाइड २००४ मध्ये त्याच गटात गेलं. हे निष्कर्ष मोठमोठ्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या अभ्यासातून आलेत, हौशी माणसाला त्याने घाबरून काम सोडायची गरज नाही, पण झाडूने धूळ उडवत मास्क न लावता फिरायचंही काही कारण नाही. डोळ्याला दिसणारा भुसा खाली बसतो, न दिसणारी धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि तीच फुप्फुसात खोल जाते. काकांनी झाडू सोडायला सगळ्यात जास्त वेळ घेतला, आणि मास्क तर त्यांनी अजूनही मनापासून स्वीकारलेला नाही.

तिसरा अडलेला मुद्दा जवसाचं तेल. दादा म्हणाला बंदच करा, लाख लावा. वहिनी ऐकेनात. त्यांचं म्हणणं, तेलाचा दोष नाही, फडक्याचा आहे, आणि खेळण्यांना तेलाचा जो हात लागतो तो लाखेला येत नाही, शिवाय ओलसर हाताने लाखेवर पांढरे डाग पडतात. शेवटी तेल राहिलं, फडक्यांची शिस्त आली.

काय केलं

फडक्यांसाठी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवला, आत पाणी. वापरलेलं फडकं सरळ पाण्यात, हातातून खाली ठेवायचंच नाही. पुन्हा वापरायचं नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे मोकळ्या हवेत, कशावरही न गुंडाळता, एकेक फडकं पसरून वाळत घालायचं, कडक होईपर्यंत. कडक झालं म्हणजे प्रक्रिया संपली. तिघांनी पाण्याचा डबा निवडला कारण वाळत घातलेलं फडकं वाऱ्याने पडून कोपऱ्यात गोळा होणार हे त्यांना स्वतःबद्दल माहीत होतं.

यातच एक गोष्ट मी सुचवली ती म्हणजे सँडरची पिशवी काम संपलं की लगेच रिकामी करायची. ताज्या तेलाच्या किंवा वॉर्निशच्या फिनिशला घासलेली धूळ सुद्धा अशीच तापू शकते, आणि घासताना खिळ्याच्या डोक्याला लागून एखादी ठिणगी पिशवीत गेली तर ती आत धुमसत राहते आणि आपण कुलूप लावून घरी गेल्यावर पेटते.

उरलेल्या टर्पेंटाइनचं असं ठरवलं: ब्रश धुतलेलं काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवायचं, रंग तळाला बसला की वरचं स्वच्छ ओतून पुन्हा वापरायचं. तळाचा गाळ कधीही बेसिनमध्ये किंवा गटारात नाही, तो डब्यातच बंद राहतो आणि घातक कचरा म्हणून वेगळा जातो.

तुकड्यांचं काम मला वाटलं होतं सोपं असेल, तेच सगळ्यात भांडणाचं निघालं. लाकूडकाम करणाऱ्या माणसाला तुकडा टाकवत नाही, कधीतरी लागेल, आणि ते कधीतरी येतं तेव्हा नेमका तो तुकडा सापडत नाही. काकांचा ढीग भिंतीपासून दारापर्यंत आला होता आणि जमिनीवर असल्यामुळे खालच्या थराला वाळवी लागलेली, काही गोऱ्या लाकडाच्या तुकड्यांतून पिठासारखी पूड पडत होती म्हणजे आत भुंगा. ते आधी बाहेर काढलं. मग भिंतीवर मांडणी लावली, जमिनीपासून वर, आणि नियम केला की मांडणीत मावेल तेवढंच ठेवायचं, मांडणी वाढवायची नाही. वीतभरापेक्षा लहान तुकडा फक्त घट्ट जातीचा असेल तर राहतो, पाचर, खुंटी, पॉलिश पेपरचा ठोकळा, मशीनवर फळी ढकलायची काठी, फिनिशचा नमुना बघायला फळकुटं, अशा कामांना. वहिनी त्यातूनच खेळण्यांची चाकं काढतात.

पॅलेटचं (माल ठेवायच्या लाकडी चौकटीचं) लाकूड कोणी आणून दिलं तर शिक्का बघितल्याशिवाय आत घेत नाहीत. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस ३० मिनिटं. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घेत नाहीत. जुना दरवाजा घासून नवं करायची एकाची फार इच्छा होती, त्यावर थरावर थर रंग होता, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तिघांनी नाही म्हणून सांगितलं. तो माणूस नाराज झाला.

आणि मग ते कार्ड. वस्तूसोबत जे कार्ड मांडायचे त्याचीच दुसरी प्रत गोणीला बांधायची ही कल्पना कोणाची यावर काका आणि वहिनी अजून वाद घालतात. लाकूड आंबा, ग्लू नाही, फिनिश नाही, रंध्याचा किस. नेणाऱ्याला एवढं पुरतं. कार्ड नसलेली गोणी दाराबाहेर ठेवायचीच नाही, ती बोर्डाच्या पिशवीत. याचा एक परिणाम कोणी ठरवला नव्हता: गोणीचं कार्ड लिहायचं म्हणून लोक काम सुरू करण्याआधीच विचार करायला लागले की या वस्तूतून काय उरणार. दादाने कटलिस्टबरोबर शीटवर तुकडे कसे बसवायचे त्याचं चित्रही द्यायला सुरुवात केली, ब्लेडची ३ मिमी खाच धरून, आणि ज्यांनी त्याचं शेल्फ केलं त्यांच्याकडे उरलेला तुकडा एकसंध राहिला, दहा पट्ट्यांत विखुरला नाही.

पुढे काय झालं

गच्चीवरच्या ताईंनी पिवळ्या कुंड्यांमधली वरची माती काढली, कुजलेलं खत घातलं, आणि बरीचशी झाडं हळूहळू सावरली, काही गेली. बोर्डाचा भुसा गेलेल्या कुंड्यांची माती त्यांनी पूर्ण बदलली आणि भाजी सोडून शोभेची झाडं लावली. आता त्या फक्त रंध्याचा किस नेतात आणि मातीत न मिसळता वर पातळ पसरतात, ओल टिकते, तण कमी येतं. लाकडाच्या बादलीतला भुसा कंपोस्टमध्ये जातो पण ओल्या हिरव्या कचऱ्याबरोबर, मूठभर मूठभर, कारण एकदम ओतला की कंपोस्ट थंड पडून तसंच बसून राहतं.

शेकोटीवाले कोणी सापडले नाहीत, पण प्लायचे तुकडे बाहेर ठेवणंच बंद झाल्यावर तो विषय संपला. सशासाठी भुसा मागायला एक मुलगा आला होता, त्याला बारीक भुसा दिला नाही, धुळीने जनावराच्या श्वासाला त्रास होतो, रंध्याचा किस चाळून दिला.

फडक्यांच्या डब्याकडे मावशी अजूनही संशयाने बघतात. गोणी उचलायच्या आधी हात लावून बघतात आणि कोणी हसलं तर त्यांना त्याची पर्वा नाही. बरोबर करतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पहिली गोणी दाराबाहेर ठेवताना नेणारा ती कशाला वापरणार हे विचारायला हवं होतं. ताईंनी भाजीला असं सांगितलं असतं तर काका नाही पण दादा नक्की थबकला असता, त्याला एमडीएफमध्ये काय असतं ते माहीत होतं. माहिती खोलीत होती, फक्त ज्याला हवी होती त्याच्यापर्यंत गेली नाही. ताईंनीही सगळ्या कुंड्यांना एकदम घालण्याऐवजी एका कुंडीत करून बघितलं असतं तर नुकसान तिथेच थांबलं असतं, पण हे मागाहून म्हणणं सोपं.

मावशींना बैठकीला बोलावलं नव्हतं. मला हे तेव्हाच खटकलं होतं. गोणी रोज उचलणारी तीच, गरम लागली ते तिलाच कळलं, आणि बोर्डाची पिशवी कशी बांधली तर फुटून धूळ उडणार नाही हे नंतर तिनेच दाखवलं, दुहेरी पिशवी, हवा काढून, तोंडाला गाठ मारून वर परत दुमडून. ती आधी असती तर पहिल्या काही पिशव्या जिन्यात फुटल्या नसत्या.

बादल्यांचं काम इतकं उशिरा होण्याचं कारण पैशापेक्षा सवय होती. तिघांनी आधी मास्कवर, मग पंख्यावर, मग खिडकीतल्या एक्झॉस्टवर वेळ घालवला, म्हणजे धूळ हवेत गेल्यावरचे उपाय. धूळ जिथे तयार होते तिथे ओढून घेणं पहिलं, बाकीचं त्यानंतर. क्रम उलटा झाला.

आणि एमडीएफ. माझं मत असं की सामायिक, कमी हवेशीर खोलीत एमडीएफ कापायलाच नको होतं, निदान राउटर तरी त्यावर चालवायला नको होता, कारण त्यातून निघते ती पूड इतर कशातूनही निघत नाही. दादाला हे पटत नाही, त्याचं म्हणणं सपाट, न वाकणारा, रंगवायला गुळगुळीत असा दुसरा बोर्ड दाखव. चांगला प्लाय वापरला तर काही कामांत चालतं, काहींत नाही, हे मलाही मान्य. त्यामुळे बोर्डाच्या पिशव्या अजून भरतात, त्या बंद करून सुक्या कचऱ्यात जातात, वर चिठ्ठी लावून, आणि त्यापेक्षा चांगली जागा तिघांना अजून मिळालेली नाही. दादाकडे दोन अख्ख्या शीट शिल्लक आहेत. त्या संपल्यावर नवीन आणायच्या की नाही यावर पुढची बैठक आहे, यावेळी मावशींना निरोप गेलाय.